कमरेच्या मापाची गव्हाण

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग अजून जागच्या जागी उभा आहे, तुम्ही केलेल्या त्या लोखंडी पायांसारखा. तसूभर हलला नाही. तुम्ही होतात तोवर सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही म्हणून गप्प बसले. तुम्ही गेल्यावर गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये म्हणून गप्प बसले. आता माझंच जायचं वय झालं, अजून गप्प राहिले तर ही गोष्ट चुकीची आहे तशीच मागे राहील आणि पोरंबाळं तीच पुढे सांगत सुटतील. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून नातीला समोर बसवलंय. मी बोलते, ती लिहिते. "पणजोबांना पत्र? पत्ता काय घालू?" म्हणून विचारते. म्हटलं, तू लिही तर आधी, पत्त्याचं मी बघते. माझी तिकडे जायची वेळ काही फार लांब नाही, हातोहात देईन.

झालं काय, परवा तुमची तिथ होती. वडे केले, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, कावळ्याला पान ठेवलं. कावळाही तुमच्याच वळणाचा, मला ताटकळत ठेवून मग शिवला. पंगत बसली आणि तुमच्या चिरंजिवांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, पाहुण्यांना तीच गोष्ट सुरू केली. "आमच्या बाबांचं डोकं बघा. शेळीला वर चढून खायला आवडतं हे त्यांनी हेरलं, आणि गव्हाणीला मुद्दाम उंच पाय केले." मुद्दाम! हा शब्द मी अर्धं आयुष्य ऐकत आलेय. माझ्या हातात सांबाऱ्याचा डाव होता. पाहुणे होते म्हणून तो पातेल्यातच राहिला, एवढंच. डोंबलाचं मुद्दाम. तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तिसरी जी साक्षीदार होती ती शेळी, तिला जाऊन जमाना झाला.

गोरेगावला पूर्वेकडे, आरे कॉलनीच्या कुंपणाला लागून आपली ती बैठी चाळ होती. मागे नाला, नाल्यापलीकडे झाडी. तुम्ही परळची खोली सोडून आमच्याकडे राहायला आलात ते गिरणी बंद पडली म्हणून. सासूबाई गावी, भातशेती सांभाळत. तुमचे चिरंजीव सकाळी डबा घेऊन कामावर जायचे ते दिवेलागणीला परत. मधला सगळा दिवस एका खोलीत तुम्ही आणि मी, आणि आपल्या घरची रीत अशी की सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्याने सुनेशी बोलायचं नाही. ज्याने ही रीत काढली त्याचं घर मोठं असेल. ओसरी, माजघर, पडवी. आमच्या खोलीत तुम्ही कूस बदललीत तर माझ्या भांड्यांना धक्का लागायचा, पण बोलायचं मात्र नाही. तुम्ही गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होतात, तिथे दिवसभर यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय. घरी बसून तुमची जीभ गंजायला लागली. मग तुम्ही माझ्या शेळीशी बोलायला लागलात.

ती शेळी माझी होती. हे नीट लिही गं, माझी. थोरल्याच्या बाळंतपणानंतर माझ्या आईने पाठ दिली होती, शेळीचं मादी पिल्लू, एवढीशी. माझा भाऊ आंब्याच्या टेम्पोतून, पेंढ्यात पेट्यांच्या मध्ये बसवून ती गोरेगावला घेऊन आला. पुढे तिची एक मुलगी वाढली, आणि हे सगळं घडलं त्या साली एक करडू होतं. खोली तुमच्या मुलाच्या नावावर, भांड्यांवर सासूबाईंचं नाव, कुंकू लावते तेही ह्यांच्या नावाचं. त्या घरात माझं म्हणावं असं काही होतं तर त्या शेळ्या. त्यांच्यासाठी रोज आरेच्या झाडीत जाऊन सुबाभळीच्या डहाळ्या तोडून आणायची. रखवालदार ओरडायचा, मी ऐकलं नाहीसं करायची. गव्हाणसुद्धा मी केली होती. तेलाचा रिकामा ड्रम उभा चिरून घेतला, आणि शेळीचं तोंड कापू नये म्हणून त्याची धार दगडाने ठोकून ठोकून आत वळवली. हाताला फोड आले, पण गव्हाण झकास झाली. फक्त पाय नव्हते. विटांवर ठेवली होती.

शेळीला विटांवरची गव्हाण म्हणजे खेळणं. ती पुढचे पाय आत टाकायची, ड्रम कलंडायचा, पाला चिखलात. आणि शेळीचे नखरे तुम्हाला माहीत आहेतच, पाल्याला एकदा पाय लागला की राणीसाहेब त्याला तोंड लावणार नाहीत. सगळा पाला झाडून पुन्हा आणायचा. एक दिवस ड्रम कलंडला तो करडावर. त्याचा मागचा पाय मोडला. मी कामट्या लावून, चिंधीने बांधून पाय बसवला, पण त्याचं ओरडणं सगळ्या चाळीने ऐकलं होतं. तुमचे चिरंजीव घरी आले ते पेटूनच. "बस झाली ही जत्रा. रविवारपर्यंत त्या गव्हाणीला धड पाय झाले तर झाले, नाहीतर रविवारी संध्याकाळी खाटकाला बोलावतो. तिन्ही घेऊन जाऊ दे." मी म्हटलं, माझ्या आईने दिलेली आहे. तर म्हणाले, "मग आईकडे पाठव." माणसं कशी बोलतात ना.

तुम्ही बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतात. सकाळी मी शेळीची धार काढत होते, तेव्हा तुम्ही शेळीला म्हणालात, "शेळये, तिका सांग, पाय मी करतंय. लोखंडाचे. हत्ती बसलो तरी हलाचे नाय." काय सांगू, डोळ्यात पाणी आलं माझ्या. खाली मान घालून धार काढत राहिले आणि शेळीला म्हटलं, "सांग त्यांना, उपकार होतील."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माणूसच वेगळे झालात. भंगारातून लोखंडी अँगलच्या पट्ट्या निवडून आणल्यात, गंज घासून काढलात. मी भाकरी थापता थापता दारातून बघत होते. गुण्या, टेप, खडू असं सगळं तुमच्या त्या गिरणीतल्या पेटीतून बाहेर आलं. आणि मग तुम्ही माप घेतलंत. ते माप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही मामंजी. शेळी तिथेच, तुमच्यापासून हातभर अंतरावर बांधलेली. तिच्याकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिलात, हात कमरेला लावलात, आणि तिथे भिंतीवर खडूने रेघ मारलीत. गिरणीत तुमचं कामाचं टेबल कमरेला लागायचं, म्हणून जगातली प्रत्येक वस्तू माणसाच्या कमरेला लागली पाहिजे! उभा जन्म ज्या टेबलाशी घालवलात त्याचेच पाय तुम्ही पुन्हा करत होतात. शेळी काय त्याच्यावर पान्हे ठेवणार होती?

मी बोलू शकत नव्हते. पण शेळीशी तर बोलू शकत होते. तुम्ही हॅक्सॉने अँगल कापायला लागलात तेव्हा मी तिच्या पुढ्यात पाला टाकला आणि चांगलं मोठ्याने म्हटलं, "काय गं बाई, तुझी मान उंटाची आहे का?" तुमचा हात क्षणभर थांबला. मग तुम्हीही तिच्याकडेच बघत म्हणालात, "शेळये, वर्कशॉपच्या कामात बायलमाणसान तोंड घालूचा नसता." आणि कापायला लागलात. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, "अगं, तुझं तोंड गुडघ्याला लागतं, गुडघ्याला." तर तुम्ही कानशीच घासायला लागलात, कर्रकर्र, म्हणजे ऐकूच येऊ नये. ते चारही पाय उचलून तुम्ही जवळच्या कारखान्यांच्या इस्टेटीतल्या गाळ्यावर वेल्डिंगला घेऊन गेलात तेव्हा मला रडावं की हसावं कळेना. कारण काम, खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. पाय खाली जरासे फाकवलेले, म्हणजे धक्का लागला तरी कलंडायला नको. चारी बाजूंनी आडव्या पट्ट्या. चिखलात रुतू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली लोखंडाची चौकोनी थाळी. लाल रंगाचा हात. सगळं बरोबर, फक्त ज्याच्यासाठी करायचं त्याला सोडून.

रविवार उजाडला. तो दिवस अजून माझ्यासमोर होतोच आहे. तुम्ही आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर येता. चार पायांवर ड्रम चढवता, बोल्ट आवळता. वर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवता आणि गव्हाणीला खांद्याने धक्का देता. थेंब सांडत नाही. चाळीतले लोक जमतात, वा वा म्हणतात. दसऱ्याला यंत्राला लावतात तसं तुम्ही चारी पायांना हळदकुंकू लावता, नारळ फोडता. तुमचे चिरंजीव कमरेवर हात ठेवून उभे आहेत. मी पदर डोक्यावर ओढून पाल्याचा भारा ड्रममध्ये टाकते, टाकताना मला स्वतःला हात उचलावा लागतो. आणि मग तुम्ही शेळीची दोरी सोडता. ती येते. वास घेते. मान वर करते, अजून वर करते. ड्रमचा तळ तिला दिसतो, तेवढाच. एकदा आमच्याकडे बघते, आणि गव्हाणीच्या खाली, सावलीत, सुखाने बसकण मारते. तिची मुलगी येते, शेजारी बसते. करडू लंगडत येतं आणि तुमच्या हळदकुंकवाला जीभ लावतं.

चाळ हसली. तुमचे चिरंजीव हसले नाहीत. ते म्हणाले, "झालं? संध्याकाळी खाटीक येतोय." आणि तुम्ही, मामंजी, तुम्ही शेळीला रागावलात! "ऊठ गे, खा! खा म्हणतंय ना!" तिची शिंगं धरून वर ओढायला लागलात. तेव्हा मी तरातरा पुढे झाले. डोक्यावरचा पदर पडला. तो सावरायचंही भान नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तुमच्या तोंडाकडे सरळ बघून मी बोलले, आणि असं बोलले की नाल्यापलीकडे ऐकू गेलं असेल. "मामंजी, ह्या गव्हाणीत शेळी जेवणार आहे की तुम्ही?"

कोणी हसलं नाही मग. तुमच्या हातातून शिंगं सुटली. तुम्ही पान्हा पेटीत ठेवलात, पेटी बंद केलीत आणि गल्लीच्या टोकाला चहावाल्याकडे जाऊन पाठ करून बसलात. हे मला म्हणाले, "शरम नाही वाटत?" म्हटलं, नंतर वाटून घेईन, आत्ता वेळ नाही.

वेळ खरंच नव्हता. पाय कापायला माझ्याजवळ ना हत्यार ना हात. तुम्ही तर काही ते कापले नसतेत, मेला असतात तरी. मग पाय खाली येत नाहीत तर शेळी वर गेली पाहिजे, एवढं ज्याला दोन वेळचं रांधता येतं त्याला कळतं. उंच फळीवरचा डबा काढायला मी पाटावर चढायचेच की. नाल्याकाठच्या पडलेल्या भिंतीच्या विटा पाटीतून आणल्या. कोणाच्या तरी संडासाचं मोडकं दार पडलं होतं, ते ओढत आणलं. विटांची रांग, तिच्यावर दार, गव्हाणीच्या समोर. दोन वेळा ढासळलं. तिसऱ्यांदा मधल्या फटींत खापऱ्या ठोकल्या तेव्हा बसलं. शेळीला काही शिकवावं लागलं नाही. तिने पुढचे पाय ठेवले, अंदाज घेतला, टुणकन वर चढली आणि मान खाली घालून अशी खायला लागली की जणू तिचं सासरच ते. आणि गंमत अशी की आता तिचे पाय दारावर आणि तोंड ड्रममध्ये, काठ तिच्या छातीला, तुमच्या उंच पायांमुळे. पाय आत टाकायची सोयच नाही. पाल्याला पाय लागेना, एक पान वाया जाईना.

संध्याकाळी खाटीक आला. तो आणि तुमचे चिरंजीव शेजारी शेजारी उभे राहून बघत होते. शेळी खात होती, गव्हाण हलत नव्हती. खाटीकच म्हणाला, "इनको क्यों बेचते हो? बढ़िया खा रही है." गेला बिचारा. तेवढ्यात तुम्ही गल्लीतून आलात. ह्यांनी विचारलं, "बाबा, हे काय?" तुम्ही शेळीकडे बघितलंत. विटांकडे बघितलंत. दाराकडे बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत, पहिल्यांदा. मी पदर दातात धरून उभी. म्हटलं, आता म्हणतील, पायरी सुनेची. आता म्हणतील. आणि तुम्ही खाकरून म्हणालात, "शेळी म्हणजे काय गाय न्हय. तिका चढान खावक आवडता. म्हणान मुद्दाम उंच केलंय."

मुद्दाम!

आणि सगळे "खरंच की" म्हणाले! सकाळी ज्या चाळीने डोळ्यांनी पाहिलं, त्याच चाळीला संध्याकाळी विसर पडला. पुरुषाची चूक सूर्य मावळायच्या आत धुऊन निघते, आणि बाईचं तोंड उघडलेलं जन्मभर लक्षात राहतं. मला पुढे कित्येक महिने "शेळी जेवणार की तुम्ही" म्हणून चिडवत होते, आणि तुमच्याकडे मात्र तबेल्यातले भय्ये गव्हाणी करून घ्यायला यायला लागले. तुम्ही केल्यात. सगळ्या कमरेला लागणाऱ्या, सगळ्यांना पायरी. भिंतीवरची ती खडूची रेघ तुम्ही पुसू दिली नाहीत, तेच माप. आजूबाजूच्या साऱ्या शेळ्या तुमच्या कमरेच्या मापाने जेवायला लागल्या. विटा वाहून माझी कंबर मोडली होती, तिचं माप कोणी घेतलं नाही. तुमच्या तेराव्याला तर हद्द झाली. मी घामाघूम होऊन वाढत होते आणि पानावर बसलेला प्रत्येक जण सांगत होता, काय दूरदृष्टीचा माणूस.

नात म्हणते, आजी, थोडं पाणी पी. पिते. आता लिही, एक गोष्ट राहिली, ती न सांगणं बरं दिसणार नाही, मी काही तुमच्यासारखी नाही. त्या रविवारनंतरच्या आठवड्यात माझी विटांची पायरी पावसाने खचली. मी ती पुन्हा रचत होते. तुम्ही टेप घेऊन बाहेर आलात. मला वाटलं, आता शेळीला काहीतरी ऐकवणार. तर तुम्ही शेळीला ओलांडून माझ्यासमोर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "सूनबाई, पायरी किती उंच व्हयी?" सूनबाई. मला. सरळ. मीही नमुनाच. हात जमिनीवर आडवा धरून दाखवला, एवढी. तुम्ही खाली बसलात, गुडघे कडकडले तुमचे, आणि जमिनीपासून माझ्या तळहातापर्यंत टेप लावलात. मी हात हलू दिला नाही. पायरीलाही अँगलचे पाय आले, तशाच थाळ्या, तसाच लाल रंग. त्या दिवसानंतर तुम्ही शेळीच्या आडून कधी बोलला नाहीत. चहात साखर कमी पडली तर मलाच सांगायचात, आणि रोज कमीच पडायची. पण पायरी कोणाची, हे एकदाही बोलला नाहीत. एकदाही. शेवटच्या आजारपणात मी पेज भरवत होते तेव्हा वाटलं, आता तरी. तर म्हणालात, "मीठ कमी हा."

चाळ पाडली, टॉवर आला. शेळ्या त्याआधीच गेल्या, म्हाताऱ्या होऊन, आपल्या मरणाने, खाटकाचं तोंड न बघता. ड्रम गंजून गेला. पाय मात्र गंजायचं नाव घेत नाहीत, दर दिवाळीला लाल रंगाचा हात देते. सातव्या मजल्यावर बाल्कनीत उभे आहेत, वर तुळस. कमरेच्या उंचीची तुळस, पाणी घालायला वाकावं लागत नाही, आता ह्या वयात ते बरंच पडतं म्हणा. भंगारवाल्याला देऊ या म्हणून सुनेने एकदा विषय काढला होता, पुन्हा काढला नाही.

तर एवढंच सांगायचं होतं. माप चुकलं होतं. पायरी माझी. मुद्दाम नव्हतं.

आता ह्या कार्टीने पेन खाली ठेवलंय. म्हणते, "थांब आजी. दिवाळीत माझ्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांनी विचारलं, हा स्टँड एवढा उंच का, तेव्हा तू काय सांगितलंस?" म्हटलं, काय सांगितलं? "तूच म्हणालीस, आमच्या मामंजींनी शेळीसाठी मुद्दाम उंच केला होता. हात कमरेला लावून दाखवलंस पण." म्हटलं, हे लिहू नकोस. तर म्हणते, लिहून झालं.

मग हे पत्र काही मी तिकडे घेऊन येत नाही, मामंजी. तुळशीच्या कुंडीखाली ठेवून देते, तिथे ते कोणी उचलणार नाही. वाचाल आणि मिशीत हसाल, ते मला बघवणार नाही. घरात मी भांडेन तुमच्याशी, मरेपर्यंत भांडेन. पण बाहेरच्या कोणी विचारलं की तोंडातून तेच येतं, मुद्दाम. आणि म्हणताना मान जराशी ताठ होते, हेही खरं.